बळदातले बालपण

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या भागातल्या शाळांत झेंडा चढतो. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कलबुर्गी, सगळीकडे. सीमेपलीकडे उदगीर-निलंग्यात त्याच सकाळी तोच तिरंगा 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' म्हणून फडकतो. आपल्याकडे २०१९ पासून त्या दिवसाला 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणतात. नावे दोन असली तरी भाषण एकच. निझाम, कासीम रझवी आणि त्याचे रझाकार, स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, सरदार पटेलांचा खंबीरपणा आणि पोलीस ॲक्शन. मुख्याध्यापक या नात्याने हे भाषण मीही अनेक वर्षे केले आहे. या भाषणात पुढारी असतात, हुतात्मे असतात, सैन्य असते. १९४८ साली सात-आठ वर्षांचे असलेले एखादे मूल मात्र त्यात कधी दिसत नाही. ते मूल त्या वर्षी कुठे होते, कुणाच्या घरात झोपत होते, काय खात होते, हे आपण विचारत नाही.

ही उणीव माझ्या ध्यानात आली ती फार दूरच्या वाचनातून. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील ज्यू मुलांना जीव वाचवण्यासाठी लपून राहावे लागले. त्यांतली काही मुले मोठी झाली आणि तीस-चाळीस-पन्नास वर्षांनी त्यांनी आपल्या बालपणाची आत्मकथने लिहिली. त्यांपैकी तीन पुस्तकांविषयी प्रस्तुत लेखात लिहायचे आहे. ही पुस्तके मराठीत आली असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी ती इंग्रजीतून वाचली. वाचता वाचता मन वारंवार आपल्या गावाकडे वळत राहिले, ते का वळले हेही सांगायचे आहे.

लपलेल्या ज्यू मुलांविषयी मराठी वाचकाला जे ठाऊक असते ते ॲन फ्रँकच्या रोजनिशीमुळे. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ अशी दोन वर्षे ॲमस्टरडॅममधल्या एका कचेरीच्या मागच्या भागात इतर सात माणसांसह दडून राहिलेली ही मुलगी पकडली गेली आणि १९४५ च्या आरंभी बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मरण पावली. तिच्या वडिलांनी १९४७ मध्ये रोजनिशी प्रसिद्ध केली. ती मराठीतही आली आणि आपल्या घराघरांत वाचली गेली. पण रोजनिशी आणि आत्मकथन यांत एक मूलभूत फरक आहे. रोजनिशी लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो. आत्मकथन लिहिणारा शेवट जाणून मागे वळतो. ॲनला आपण वाचलो याचा जाब स्वतःला द्यावा लागला नाही, कारण ती वाचलीच नाही. जी वाचली त्यांच्या लेखनाचा मुख्य विषय भीती नसून वाचल्यानंतरचे आयुष्य आहे, असे मला वाटते.

पहिले पुस्तक सॉल फ्रीडलेंडर यांचे, 'व्हेन मेमरी कम्स'. मूळ फ्रेंच, प्रसिद्धी १९७८. लेखक १९३२ मध्ये प्राग शहरात जन्मला. घरी नाव पावेल. कुटुंब पळून फ्रान्सला आले तेव्हा तो पॉल झाला. १९४२ मध्ये आईवडिलांनी त्याला एका कॅथलिक निवासी शाळेत ठेवले. तिथे बाप्तिस्मा होऊन तो पॉल-आन्री फेरलां झाला. पुढे इस्रायलमध्ये तो शौल झाला. एका माणसाची ही चार नावे म्हणजे चार कप्पे आहेत आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना काय गळून पडले, त्याचा शोध म्हणजे हे पुस्तक. शाळेत ठेवल्यावर मुलगा तिथून पळाला आणि आईवडील जिथे लपले होते त्या इस्पितळात पोहोचला. त्याला परत पाठवणे भाग होते. तो पलंगाचे गज धरून बसला. त्याची बोटे सोडवताना आईवडिलांना रडू कसे आवरले असेल, असे प्रौढ लेखक विचारतो. त्यानंतर त्यांची भेट नाही. स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर ते पकडले गेले आणि औशवित्झला मारले गेले. मुलगा मात्र चांगला कॅथलिक झाला, पाद्री व्हायचे स्वप्न पाहू लागला. युद्ध संपल्यावर एका जेझुइट पाद्र्यानेच त्याला औशवित्झ म्हणजे काय ते सांगितले आणि त्याचे ज्यू असणे त्याला परत दिले.

या पुस्तकाची रचना सरळ नाही. बालपणाच्या आठवणींमध्ये लेखक १९७७ सालच्या जेरुसलेममधल्या आपल्या नोंदी घालतो. घटनाक्रम मोडतो, मुलगा आणि प्रौढ आळीपाळीने बोलतात. काही वाचकांना ही मांडणी क्लिष्ट वाटेल. पण मला इथे आपल्या 'बलुतं'ची आठवण झाली. योगायोग असा की दया पवारांचे 'बलुतं'ही १९७८ चेच. तिथेही एकाच माणसाचे दोन झाले आहेत: शिकून शहरात गेलेला दया आणि मागे राहिलेला दगडू. दगडू सांगतो आणि दया ऐकतो. ज्या माणसाला जगण्यासाठी आपले जुने नाव, जुनी वस्ती मागे टाकावी लागली, त्याला 'मी' हा शब्द एकवचनी वापरता येत नाही. प्राग आणि कावाखाना यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही दोन लेखक एकाच वर्षी एकाच रचनेपाशी येतात, याचे कारण फॅशन नव्हे. ती अनुभवाची गरज आहे.

दुसरे पुस्तक सारा कोफमन या फ्रेंच तत्त्वज्ञ बाईंचे. नाव पॅरिसमधल्या दोन रस्त्यांचे, 'र्‍यू ओर्दनेर, र्‍यू लाबा', प्रसिद्धी १९९४. वडील ज्यू धर्मगुरू. १६ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये ज्यूंची मोठी धरपकड झाली, त्या दोन दिवसांत तेरा हजारांवर माणसे पकडली गेली. सहा लेकरांना वाचवायचे म्हणून हा बाप घरीच थांबला आणि पोलिसांच्या हाती लागला. तो परत आला नाही. त्याचे फाउंटन पेन लेकीजवळ राहिले. पुस्तकाचा आरंभ त्या मोडक्या, चिकटपट्टीने सांधलेल्या पेनापासून होतो. पुढे आई आणि ही मुलगी दुसऱ्या रस्त्यावरच्या एका ख्रिस्ती बाईच्या घरात लपल्या. बाईने जीव वाचवला. त्याबरोबर मुलीचे केस, कपडे, नाव, अन्न सगळे बदलले. ज्यू घरात जे मांस निषिद्ध ते औषध म्हणून खाऊ घातले. आणि मुलीला ही बाई आवडू लागली, खऱ्या आईपेक्षा जास्त. आई त्याच घरात, बाजूच्या खोलीत, हे पाहत होती. युद्ध संपल्यावर दोघींत मुलीसाठी कोर्टकज्जा झाला.

या पुस्तकातले अन्नाचे प्रसंग आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागणार नाहीत. कोणाच्या हातचे खायचे, कोणाच्या चुलीवरचे चालते, हे आपल्याकडे लेकरू बोलायला शिकण्याआधी शिकते. पोटात गेलेल्या परक्या घासाबरोबर परके प्रेमही आत जाते आणि ते ओकून टाकता येत नाही, हे कोफमन बाईंनी एकही अश्रू न ढाळता लिहिले आहे. छोटी छोटी प्रकरणे, कोरडी वाक्ये, स्वतःवर दया नाही आणि आईवरही नाही. पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, बाईंनी आत्महत्या केली. पुस्तकावरून मृत्यूचे कारण शोधू नये, तो समीक्षेचा अधिकार नाही. पण वाचल्याचे ऋण काही वेळा फेडता येत नाही, इतके हे पुस्तक नक्की सांगते. तिघांत मला हे सर्वांत श्रेष्ठ वाटते.

तिसरे नेखामा टेक यांचे 'ड्राय टिअर्स', १९८२ चे. पोलंडमधल्या लुब्लिनची मुलगी, जन्म १९३१. केस सोनेरी, पोलिश भाषा अस्खलित; म्हणून ती आणि तिची बहीण एका पोलिश कुटुंबात नातेवाईक म्हणून उघडपणे राहू शकल्या. आईवडिलांना बाहेर ओळखले जाण्याचा धोका होता, म्हणून ते त्याच घरात लपून. आई आत पाव भाजायची आणि लेक तो काळ्या बाजारात विकायची. आश्रय देणारे कुटुंब पैसे घेत होते. ते प्रेमळही होते आणि ज्यूंविषयी वाईटही बोलत. 'तुम्ही तसले नाही' असे म्हणत. युद्ध संपल्यावर त्यांनी विनंती केली ती अशी, की आम्ही ज्यूंना ठेवले होते हे शेजाऱ्यांना कळू देऊ नका. उपकारकर्ता संत नसतो, साधा, संकुचित माणूसही वेळेला दार उघडतो, हे या पुस्तकाने फार प्रामाणिकपणे दाखवले आहे. एक उणीव सांगितली पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद इथे जसेच्या तसे येतात. आठवण इतकी गुळगुळीत नसते. फ्रीडलेंडर जिथे 'आठवत नाही' म्हणून थांबतो तिथे टेक बाई पूल बांधून पुढे जातात. वाचताना सोपे जाते, पण विश्वास किंचित कमी होतो.

विश्वासाचा प्रश्न निघाला म्हणून एक चौथे पुस्तक. १९९५ मध्ये बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने 'फ्रॅगमेंट्स' हे छळछावणीतल्या बालपणाचे आत्मकथन आले. जगभर गौरव झाला, पुरस्कार मिळाले. १९९८ मध्ये डॅनियल गान्झफ्रीड या स्विस लेखकाने दाखवून दिले की हा माणूस स्वित्झर्लंडमध्येच जन्मलेला, तिथेच वाढलेला, ज्यूही नव्हे. पुढच्या वर्षी प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. गंमत अशी की खोट्या पुस्तकात क्रौर्याची दृश्ये खऱ्या पुस्तकांपेक्षा जास्त आहेत. खऱ्या तिन्ही पुस्तकांत रक्त जवळजवळ नाही. पलंगाचे गज आहेत, पेन आहे, पाव आहेत. मुलाची स्मृती वस्तूंना धरून असते. आपल्याकडे कुणी अशी आठवण सांगू लागला तर ती पारखायला ही खूण उपयोगी पडेल.

'ज्यू' हा शब्द तसा मराठीला परका नाही. कोकणातले बेने इस्रायल शेकडो वर्षे मराठी बोलत आले, तेल गाळत आले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले. त्यांची आडनावे केहिमकर, पेणकर, दिवेकर अशी, गावाच्या नावावरून. युरोपात ज्या नावाने जीव जात होता ते नाव इथे गावाचे नाव होऊन दारावर लागत होते. याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्या अभिमानावर विसंबून 'आपल्याकडे असे काही घडलेच नाही' असे म्हणू लागलो तर ती आत्मवंचना होईल.

कारण आपल्याकडेही मुले लपली होती. एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. युरोपात एका राज्यसत्तेने याद्या करून, आगगाड्या लावून साठ लाख ज्यूंना ठार केले. त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती. हैदराबाद संस्थानातल्या १९४७-४८ च्या घटना त्या जातीच्या नव्हेत, आणि दोन्हींची तुलना करणे हा माझा हेतू नाही. मी तुलना करतो आहे ती लेखनाची. त्यांच्याकडे लिहिले गेले आणि आपल्याकडे लिहिले गेले नाही, एवढीच.

रझाकारांच्या काळात बिदर-गुलबर्गा भागातली कुटुंबे रातोरात गाव सोडून सोलापूरच्या बाजूला, ब्रिटिश गेलेल्या मुलखात गेली. बसवकल्याण परिसरातल्या गोरटा गावी मे १९४८ मध्ये हत्याकांड झाले. तिथे २०२३ मध्ये स्मारक उभे राहिले. भालकी तालुक्यातल्या वरवट्टीत घर पेटवले गेले, त्यात आई आणि बहीण गेल्या, आणि वाचलेल्या लहानग्याला घेऊन बाप गुलबर्ग्याला आला. तो मुलगा म्हणजे मल्लिकार्जुन खर्गे. पुढे देशाच्या राजकारणात एवढी मोठी जागा मिळवूनही त्यांनी ही गोष्ट फारशी सांगितली नाही. ती लोकांना कळली प्रामुख्याने त्यांच्या मुलाच्या तोंडून. या मौनाला मी दोष देत नाही. फ्रीडलेंडर वाचल्यावर ते मौन अधिक समजते.

आणि मग सप्टेंबर १९४८. १३ तारखेला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निझामाने शरणागती दिली. त्यानंतरच्या आठवड्यांत लपण्याची पाळी दुसऱ्या घरांवर आली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे पथक पाठवले. त्यांच्या अहवालात संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे, बहुतेक मुसलमान; आणि सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे आहेत. हा अहवाल दशकानुदशके बंद राहिला. २०१३ च्या सुमारास तो वाचकांसमोर आला. चारांपैकी दोन जिल्हे आपले आहेत. आपल्या भाषणात हे पान नसते.

आपल्याकडे लेखन झालेच नाही असे नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत, अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आहे, नरहर कुरुंदकरांचे मर्मग्राही विवेचन आहे. ही मोठ्या माणसांची मोठी पुस्तके. पण ती कार्यकर्त्याच्या आणि विचारवंताच्या नजरेतून लिहिलेली आहेत. तिथे माणूस निर्णय घेतो, लढतो, तुरुंगात जातो. लेकराला निर्णय नसतो. त्याला उचलून नेले जाते, तोंडावर हात ठेवला जातो, 'बोलू नको' म्हटले जाते. या 'बोलू नको'चे वाङ्मय आपल्याकडे तयार झाले नाही.

त्याला भाषेचेही कारण असावे. आपल्या मुलखात घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी आणि निझामाच्या शाळेत उर्दू. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा वाटला गेला. उदगीर-निलंगा तिकडे, भालकी-औराद इकडे. ज्या मुलाने भीती एका भाषेत अनुभवली त्याची पाटी दुसऱ्या भाषेत आणि नोकरी तिसऱ्या भाषेत. टेक बाईंना पोलिश भाषेने वाचवले. पण आठवण कुठल्या भाषेत राहिली, हा प्रश्न तिन्ही लेखकांना छळतो. तो आपला रोजचा प्रश्न आहे, म्हणून ही पुस्तके लिहायला आपण खरे तर अधिक लायक होतो.

इथे घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझे वडील १९४८ मध्ये आठ वर्षांचे होते. रात्री उभ्या ज्वारीतून चालत सरहद्द ओलांडल्याची गोष्ट ते रंगवून सांगत. दर १७ सप्टेंबरला सांगत. दुसरी गोष्ट मला आजीने सांगितली, ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा. ॲक्शननंतर कुटुंब गावी परतले. त्या दिवसांत घरातल्या रिकाम्या बळदात शेजारच्या घरातले एक पोर दोन रात्री होते. वडिलांच्याच वयाचे, त्यांच्याबरोबर गोट्या खेळणारे. आजी वरच्या तोंडातून भाकरी सोडायची. बाहेर चांदणे लख्ख, म्हणून त्याला बाहेर काढता येईना. तिसऱ्या सकाळी बळद रिकामे होते. कोणी नेले, की ते आपणच गेले, ते कुणी विचारले नाही. आजीने मला हे सांगितले तेव्हा वडील दारात उभे होते. ते काही न बोलता बाहेर गेले.

मी मराठीचा एम. ए.; आत्मकथनाच्या प्रांतावर वर्गात तास घेतलेला माणूस. तरी मी त्यांना त्या पोराचे नाव कधी विचारले नाही. ते गेले तेव्हा ते नाव त्यांच्याबरोबर गेले. स्वतःच्या लपण्याची गोष्ट ते मोकळेपणाने सांगत होते. दुसऱ्याच्या लपण्याची सांगू शकत नव्हते. त्यांचे खरे आत्मकथन त्या न सांगितलेल्या दोन रात्रींत होते, असे आज मला वाटते. कोफमन बाईंच्या टेबलावर निदान बापाचे पेन होते.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कला लपलेल्या मुलांचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले. तेव्हा ती मुले पन्नाशी-साठीत होती आणि अनेकांनी तोवर घरातही तोंड उघडले नव्हते. त्यांना सांगावेसे वाटले, कारण ऐकायला कुणीतरी समोर बसले. आपल्याकडची १९४८ ची मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. संमेलन भरवायला वेळ नाही आणि त्याची गरजही नाही. दिवाळीला पुण्या-हैदराबादेहून, बेंगळुरूहून नातवंडे घरी येतील. ओसरीवर आजोबा असतील, शेजारच्या गल्लीत कुणाचे दादाजान असतील. त्यांना रझाकार कसे होते, फौज कशी आली, हे विचारू नका. त्याची उत्तरे पाठ झालेली असतात. कुठे झोपत होतात, काय खाल्ले, भाकरी कुणाच्या हातची होती, कोणत्या नावाने हाक मारायचे, हे विचारा. आणि ते स्वतःविषयी सांगून थांबले की हळूच आणखी एक विचारा: तेव्हा तुमच्या घरात दुसरे कोण होते?

सांगतील त्या भाषेत लिहून घ्या. कन्नड असो, दखनी असो, आपली धेडगुजरी मराठी असो. व्याकरण नंतर पाहता येईल.